कोरिनला घर दाखवताना

कोरिन टॉलिव्हर पहिल्यांदा माझ्या गाडीत बसली, तेव्हा पट्टा लावायच्या आधी तिने शाळेचं विचारलं. खोल्या किती हव्यात, तळघर कोरडं आहे का, गॅरेज एका गाडीचं की दोन, काही नाही. "लोइस, मला खरं खरं सांगा, ऑर्चर्ड हाइट्सची शाळा चांगली आहे ना?"

मी म्हटलं, ते मला सांगता येत नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

माहीत कसं नसेल? याच भागात केस पांढरे झाले माझे. पण घर विकणाऱ्या माणसाने अमकी शाळा चांगली आणि तमकी वस्ती वाईट असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असा कायदा आहे आणि तो बरोबर आहे. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी एके काळी गोऱ्यांना इकडे आणि काळ्यांना तिकडे नेऊन घालायचे जे उद्योग केले, ते याच दोन शब्दांनी केले. तेव्हा तोंडाला कुलूप. 'तुम्ही स्वतः जाऊन बघा, चार लोकांना विचारा,' हे पाठ केलेलं वाक्य मी तिला म्हणून दाखवलं. तिला ते मुळीच आवडलं नाही, आणि त्या दिवसापासून तिने मला बोलतं करायचा चंगच बांधला.

टॉलिव्हर मंडळी विचिटाहून आली होती. नवरा ग्रँट, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत. कंपनी हलवेल तिकडे हलायचं. विचिटाच्या आधी पिओरिया, त्याच्या आधी आणखी कुठे तरी. आता क्लीव्हलंडच्या पूर्वेला आमच्याकडे, ऐन जानेवारीत, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग असताना. थोरली हॅडली पंधरा वर्षांची, धाकटा ओवेन आठ. पार्सन्स मिलमध्ये 'दोन-तीन महिन्यांपुरता' एक फ्लॅट भाड्याने घेतला होता, अर्धे खोके न उघडताच भिंतीला लावून ठेवले होते, आणि मुलांना तात्पुरतं तिथल्याच शाळेत घातलं होतं. आमच्याकडे पोराची सरकारी शाळा ठरते ती घराच्या पत्त्यावरून. पत्ता बदला, शाळा बदलते. म्हणून तर सटर रोडच्या अलीकडे जे घर पडून राहतं, तसलंच घर पलीकडे दीडपटीने जातं. झाडं तीच, बर्फ तोच, गटारसुद्धा एकच. अलीकडे पार्सन्स मिल, पलीकडे ऑर्चर्ड हाइट्स. इंटरनेटवर शाळांना दहापैकी गुण देतात, त्यात पलीकडच्या शाळेला नऊ आणि आमच्या शाळेला चार.

'आमच्या' म्हटलं ते उगाच नाही. दुसऱ्याच शनिवारी कोरिन म्हणाली, "मला कळत नाही, पार्सन्स मिलमध्ये मुद्दाम घर घेतं तरी कोण?"

मी म्हटलं, "मी घेतलंय. माझी दोन्ही पोरं तिथेच शिकली."

बाई लालबुंद झाली. पुढचे दोन चौक ती माफी मागत होती. मग जराशी थांबली आणि हळूच म्हणाली, "मग? कशी होती शाळा?"

"ते मला सांगता येत नाही."

आता सांगते, मला तिचा राग यायचा. अशी गिऱ्हाइकं म्हणजे डोक्याला ताप. पण राग धरून ठेवावा तर तेही जमेना, कारण बाई मनाने वाईट नव्हती. गाडीत बसताना माझ्यासाठी कॉफी आणायची, माझ्या गुडघ्याची चौकशी करायची. फक्त तिला एका जागी बसवत नसे. घरात शिरली की स्वयंपाकघर बघायच्या आधी खिडकीशी जायची आणि समोरच्या अंगणात सायकली किती पडल्यात ते बघायची. बाथरूममध्ये जाऊन शेजारणीला फोन लावायची. हो, शेजारणीला! पत्रपेटीवरच्या नावावरून नंबर शोधून काढायचा, आणि परक्या बाईला विचारायचं की तुमच्याकडे शाळेची बस वेळेवर येते का, तिथल्या मुली एकमेकींशी कशा वागतात. पोस्टमनला गाठायची. किराणा दुकानात रांगेतल्या आयांना गाठायची. एकदा तर बर्फ उपसणाऱ्या माणसाची गाडी तिने हात करून थांबवली.

आणि शाळा सुटायच्या वेळी ती फाटकासमोर गाडी लावून बसायची. कशासाठी, तर मुलं बाहेर कशी येतात ते बघायला. हसत येतात का, एकटं कोणी येतं का, मोठी पोरं लहानांना ढकलतात का. मला आधी वाटलं, हे बरं आहे, निदान डोळ्यांनी बघते तरी. मग एके दिवशी ऑर्चर्ड हाइट्सच्या पोलिसाने तिच्या काचेवर टकटक केलं, कारण एक अनोळखी बाई रोज गाडीत बसून पोरांकडे टक लावून बघते अशी कुणी तरी तक्रार केली होती. ही मला फोन करून ते सांगत होती आणि आवाजात काय असावं? आनंद! "बघा लोइस, किती लक्ष आहे इथल्या लोकांचं मुलांवर." मी कपाळावर हात मारला.

वसंत ऋतू आला तसा माझा खोकला सुरू झाला. मेपलला फुलोरा आला की मला दरवर्षी होतो. दोन चांगली घरं तिने एकापाठोपाठ एक नाकारली, तेव्हा मी चिडून विचारलं, अगं, या घरात खोड तरी काय? (तोवर मी तिला अगं-तुगं करायला लागले होते.) तर म्हणते कशी, "तुम्हीच नाही का खूण केलीत? दारात आलो तेव्हा खोकलात." म्हणजे मी बोलू शकत नाही ना, म्हणून खोकल्यातून सांगते, असं तिने धरलं होतं! मी न खोकलेल्या घरांची तिने मनात वेगळी वर्गवारी ठेवली होती. मला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर मी गोळी घेतल्याशिवाय तिच्याबरोबर घराबाहेर पडले नाही.

ग्रँट कधी कधी यायचा. भला माणूस. कुठलंही घर दाखवा, बायकोकडे बघून म्हणायचा, "तुला योग्य वाटेल ते." नवऱ्यांना वाटतं हे मोठं समजूतदारपणाचं बोलणं. असतं ते हात झटकणं. कोरिन त्या वाक्याने आणखीच हैराण व्हायची, कारण मग चूक झाली तर तीही एकटीचीच.

तिचं काय दुखतंय ते मला एप्रिलमध्ये कळलं. एका रिकाम्या घरात आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो, ग्रँट मोजमापं घेत होता. सहज म्हणून मी विचारलं, तू स्वतः कुठल्या शाळेत शिकलीस? तर तिला पटकन सांगताच येईना. वडील हवाई दलात होते. टेक्सास, मग जर्मनी, मग नॉर्थ डाकोटा, मग पुन्हा कुठे. प्रत्येक ठिकाणी वर्गासमोर उभं राहून नाव सांगायचं. प्रत्येक ठिकाणी मुलींच्या जोड्या आधीच जमलेल्या. "मी ठरवलं होतं, माझ्या मुलांना हे नाही," ती म्हणाली. "आणि हॅडलीची ही पाचवी शाळा, लोइस. मीच केलं ते. आता एकदाच बदलणार, आणि ती अशी निवडणार की परत कधी हलायला नको." तिचे डोळे भरून आले, आणि मी नाइलाजाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असलं काही जमत नाही.

पण एकदाच निवडायची म्हटलं की निवडता येत नाही. ऑर्चर्ड हाइट्समध्ये घर बाजारात आलं की शनिवारी बघायचं आणि शनिवारीच बोली लावायची, अशी तऱ्हा. ही म्हणायची, एक रात्र विचार करते. रविवारी दुपारी घर गेलेलं असायचं. असं एकदा नाही, मला आठवतं तेवढ्यातच चारदा. चौथ्या वेळी मी तिला तोंडावर म्हटलं, "तुला नवरा निवडायलासुद्धा एवढा वेळ लागला नसेल." तर म्हणाली, "नाही, तेव्हा ग्रँटची बदली झाली होती. आठवड्यात ठरवावं लागलं."

मुलं सुरुवातीला गाडीत मागे असायची. ओवेन अखंड बोलायचा. हॅडली बोलत नसे. उंच पोरगी, आपली उंची लपवायला खांदे पाडून बसणारी. प्रत्येक घरात शिरली की भिंतीला टेकून उभी राहायची, आई हाक मारेपर्यंत. मी तिला एकदा विचारलं, तुला यातली कुठली खोली आवडेल? तर म्हणाली, "कुठलीही चालेल, मिस लोइस." पंधरा वर्षांच्या मुलीने असं म्हणणं मला बरं वाटलं नाही. माझ्या पोरांनी त्या वयात खोलीवरून घर डोक्यावर घेतलं होतं.

मग ती शनिवारी यायचीच बंद झाली. कोरिन म्हणाली, तिला त्या तात्पुरत्या शाळेत बँडमध्ये घेतलंय, आता काय, तेवढाच वेळ जातो. 'तात्पुरती शाळा' हे त्यांच्या घरात त्या शाळेचं नावच पडलं होतं. मी हॅडलीला बघितलं ते ऑगस्टमध्ये. सुट्टीतलं बँडचं शिबिर चालू होतं, रणरणत्या उन्हात. मी पार्सन्स मिलच्या मैदानाशेजारून चालले होते, तर रांगेच्या टोकाला ही, अंगाभोवती वेढा घेऊन डोक्यावर तोंड उघडणारं ते अवजड पितळी वाद्य खांद्यावर घेऊन. ते कुणी उचलायला तयार नसतं, म्हणून मास्तरांनी उंच पोरगी बघून तिच्या गळ्यात घातलं असणार. घामाने निथळत होती, खांदे ताठ, आणि शेजारच्या ढोलवाल्या पोरीला काहीतरी चिडवत होती. मला बघून तिने हात केला तर वाद्य कलंडलं आणि मागची अख्खी रांग तिच्यावर ओरडली. मी ते कोरिनला सांगितलं. ती फोनवर दुसऱ्या घराचे फोटो बघत होती. म्हणाली, "ऑर्चर्ड हाइट्सचा बँड दुप्पट मोठा आहे, माहितेय?"

शाळा उघडायला आली आणि घर नव्हतं. इथे बाईचा तोल सुटला. एका सकाळी माझ्या ऑफिसात येऊन दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या ओळखीचं ऑर्चर्ड हाइट्समध्ये कुणी आहे का, ज्यांचा पत्ता वापरता येईल? घर मिळेपर्यंत फक्त."

मी म्हटलं, कोरिन, हे माझ्यासमोर बोलू नकोस. माझा परवाना जाईल, आणि तुझी मुलं शाळेतून जातील. दोन्ही गोष्टी मी बघितलेल्या आहेत. अशा घरांवर शाळा माणसं लावून पाळत ठेवते.

"घर घेणारच आहोत आम्ही. मग खोटं कसं?"

"आज कुठे झोपतेस? ते खरं."

ती उठून गेली. मग मला कळलं ते असं की चर्चमधल्या एका म्हाताऱ्या बाईची गॅरेजवरची खोली तिने कागदोपत्री भाड्याने घेतली, ज्युनिपर लेनवर, आणि मुलांना ऑर्चर्ड हाइट्सच्या शाळेत घातलं. ग्रँटने काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

रोज उजाडताच ती मुलांना फ्लॅटमधून काढायची, सटर रोड ओलांडून पलीकडे न्यायची, आणि गाडीत त्यांच्याकडून घोकून घ्यायची. घर कुठलं? ज्युनिपर लेन. रंग कुठला? पिवळा. कुत्रा आहे का? नाही. ओवेनला हा खेळ फार आवडला. त्याने मनानेच एक कुत्रा पाळला आणि त्याचं नावही ठेवलं. हे मला ओवेननेच सांगितलं, किराणा दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कोरिन त्याला ओढत घेऊन गेली. हॅडली ढकलगाडीशी उभी होती. खांदे पुन्हा पडले होते. बँडचं विचारलं तर म्हणाली, तिथल्या जागा वसंतातच ठरतात, पुढच्या वर्षी बघू म्हणालेत. "शुक्रवारी शाळांचा फुटबॉलचा सामना असतो, त्याला जातेस की नाही मग?" तर म्हणाली, "कुठल्या सामन्याला, मिस लोइस? कुणाकडून बसू?" आणि ढकलगाडी घेऊन पुढे गेली.

सप्टेंबर सरत आला आणि एक करडी गाडी फ्लॅटसमोर उभी राहायला लागली. आत एक निवृत्त पोलीस, थर्मास घेऊन. ओवेन रोज सकाळी त्याला हात करायचा आणि तो बिचारा रोज परत हात करायचा. मग एके दिवशी शाळेने कोरिनला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर फोटो ठेवले: ती, मुलं, दप्तरं, फ्लॅटचं दार, वेगवेगळ्या दिवसांचे. दोन्ही मुलांची नावं त्याच आठवड्यात कमी झाली.

शनिवारी मी मागच्या ओट्यावर टोमॅटो उकळून बरण्या भरत होते. कोरिनची गाडी करकचून मागच्या अंगणातच येऊन थांबली. ती उतरली ती सरळ माझ्या अंगावर आली. मुलं गाडीतच होती.

"मला एवढंच सांगा, लोइस. माझ्या मुलांना काढलं, तुम्हाला बरं वाटलं का?"

मी चमचा हातात घेऊन उभी. काय बोलतेस म्हणून विचारलं.

"कुणी तरी फोन करून कळवलंय. शाळेनेच मला सांगितलं तसं. आणि हे माहीत होतं फक्त तुम्हाला."

असा संताप आला मला! जानेवारीपासून या बाईला घेऊन मी दारोदार हिंडले, माझा खोकला गिळला, गुडघे झिजवले, एक घर विकलं गेलं नाही, आणि हिच्या पोरांची मी चहाडी करणार? मी म्हटलं, "मला जे बोलायचं होतं ते मी तुझ्या तोंडावर बोलले. पाठीमागून बोलायची मला गरज नाही, कळलं? तुझ्या ओवेनने अख्ख्या किराणा दुकानाला सांगितलं होतं, त्यांच्याकडे जा." आणखीही बोलले. ते सांगत नाही. बोलायचं ते बोलले, शेगडीवर टोमॅटो करपले.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. हॅडली उतरून ओट्याच्या पायथ्याशी आली.

"आई, त्यांना बोलू नकोस. मी केला फोन."

कोरिनला आधी ते कळलंच नाही. कसला फोन, म्हणाली.

"शाळेत पाण्याच्या नळावर तो नंबर लावलाय. इथे न राहणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर कळवा म्हणून. मी कळवलं. आपलं नाव सांगितलं."

मी शेगडी बंद केली.

"मी हे सगळं तुझ्यासाठी करत होते, हॅडली," कोरिन म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"मला माहितेय. म्हणून तर तुला सांगता येईना."

पोरगी रडत नव्हती. हात तिने पाठीमागे धरले होते. मग एकेक करून बोलली. तिला ती शाळा नको आहे. चांगली असेल, तिचं काही वाकडं नाही त्या शाळेशी. पण तिकडे पार्सन्स मिलमध्ये ढोलवाली डेझरे जेवताना तिच्यासाठी जागा धरते, अजून धरते, तिने फोटो काढून पाठवला रिकाम्या खुर्चीचा. "तू म्हणालीस तात्पुरती आहे, म्हणून मी आधी कुणाशी बोलतच नव्हते. मग चुकून झाल्या मैत्रिणी. ठरवून नव्हत्या केल्या."

कोरिन माझ्या ओट्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं आता ही रागावणार. रागावली असती तर मी मध्ये पडणार होते, घरचा मामला असो की नसो. पण ती रागावली नाही. ओवेन गाडीच्या काचेला नाक लावून बघत होता.

"मी माझ्या आईला दर बदलीला म्हणायचे, मला चालेल," कोरिन म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, नुसतीच. "हसून म्हणायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून." मग हॅडलीकडे वळून म्हणाली, "तुला भीती नाही वाटली? फोन करताना?"

"खूप वाटली."

"तुझ्या वयात मला हे असं काही करता येतं हेच ठाऊक नव्हतं," कोरिन म्हणाली आणि तिला रडू फुटलं. हॅडली पायरीवर शेजारी जाऊन बसली. उंच पोरगी, आईपेक्षा डोकंभर वर. मी आत गेले आणि करपलेलं पातेलं घासत बसले, कारण मी तिथे उभी राहण्यात काही अर्थ नव्हता. बाहेर आले तेव्हा कोरिनने माझी माफी मागितली. मी म्हटलं, माफी राहू दे, ओवेनला जेवायला घाल, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. टोमॅटोच्या दोन बरण्या दिल्या. एक थोडी करपट होती, ती मी मुद्दामच दिली.

सोमवारी सकाळी तिचा फोन. पार्सन्स मिलच्या शाळेत दोन्ही मुलांची नावं परत घालायचीत, तुम्ही येता का बरोबर? मी म्हटलं, माझं काय काम? तर म्हणाली, "एकटीने जायला लाज वाटते." हे मात्र तिने सरळ सांगितलं, म्हणून मी गेले. वाटेत सटर रोडवर एका घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी होती, नवीच लागलेली, पलीकडच्या बाजूला. कोरिनने गाडी हळू केली. मी बघितलं, मागच्या सीटवरून हॅडलीनेही बघितलं.

"आई, पुढे चल," ती म्हणाली. कोरिन पुढे गेली, पण आरशात एकदा मागे बघितलंच तिने. हा स्वभाव आहे, तो एका शनिवारात जात नाही, आणि ग्रँटची कंपनी पुढच्या वर्षी काय करेल ते देवालाच माहीत. तिलाही ते माहीत होतं. बोटांनी सारखी स्टिअरिंगवर ताल धरत होती.

शाळेच्या ऑफिसात खिडकीमागच्या बाईंनी हॅडलीला ओळखलं. आलीस का परत, म्हणाल्या, बँडचे सर विचारत होते. मग कीबोर्ड पुढे ओढून कोरिनला विचारलं, "पत्ता सांगा."

कोरिनने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने कपाळाला हात लावला, हसायचा प्रयत्न केला, पर्स उघडून बंद केली. मला आधी वाटलं, ज्युनिपर लेन जिभेवर आलंय आणि ही ते गिळतेय. पण तसं नव्हतं. जानेवारीपासून ती त्या फ्लॅटमध्ये राहत होती, तिथून रोज सकाळी घर शोधायला बाहेर पडत होती, आणि त्याचा पत्ता तिला येत नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. मला येत होता. मी गप्प राहिले.

"सतरा, वेलंड स्ट्रीट," हॅडली म्हणाली. "दुसरा मजला, डावीकडचं दार."

बाईंनी टाइप केलं. कोरिनने मुलीच्या मागून तो पत्ता एकदा हळू आवाजात म्हणून बघितला.